कार्डावरचा एक पाहुणा

“मॅडम, तुम्ही ट्रॅव्हल करताय की गेस्ट आहात?” काउंटरवरच्या मुलीनं विचारलं.

मी आले होते वडिलांच्या अस्थींतला वाटा मागायला. तिच्या कॉम्प्युटरमध्ये तशी काही सोय असेल असं वाटेना, म्हणून गेस्ट आहे असं सांगितलं. कोणाची, तर रोशन हेडाऊ यांची. तिनं खटाखट बटणं दाबली आणि नाव सापडल्यावर हसली. सरांच्या कार्डावर एक पाहुणा फुकट होता, पण सर स्वतः येऊन कार्ड दाखवीपर्यंत मला आतल्या सोफ्यांवर बसता येणार नव्हतं. तोवर दाराजवळच्या खुर्चीवर बसावं अशी तिनं विनंती केली. डिसेंबर होता, तरी एसी चालू होता आणि त्याचा झोत नेमका त्या खुर्चीवर येत होता.

नागपूर स्टेशनवरचं ते लाउंज तेव्हा नुकतंच उघडलं होतं. दाराच्या मुठीला उद्घाटनाच्या फितीचा तुकडा तसाच लोंबत होता आणि काही खुर्च्यांच्या हातांवरचं प्लास्टिक अजून काढलेलं नव्हतं. जाड गालिचा, खाण्याचं लांब टेबल, कॉफीचं मशीन, गाड्यांच्या वेळा दाखवणारा मोठा पडदा. बाहेरच्या गाड्यांचा, हमालांचा, भोंग्याचा आवाज आत अजिबात येत नव्हता. रस्त्याकडची सगळी काच वाघाच्या एका भल्यामोठ्या चित्रानं झाकून टाकली होती. त्या वाघाच्या पलीकडे, स्टेशनच्या आवारात, एक जुना कडुनिंब होता. लाउंज बांधताना तो कोणी पाडला नव्हता, उलट त्याला नवा सिमेंटचा पार बांधून दिला होता. त्या पारावर माझी आई बसली होती.

आईला आत यायचंच नव्हतं. कार्डावर एकच पाहुणा चालतो हे मी तिला रिक्षात सांगितलं, तर ती म्हणाली, “दोन चालत असते तरी मी कायले येतो? त्या बाईच्या पोराचं तोंड पाहून मले काय कराचं हाय? तू घेऊन ये. मी अठीच बसतो.” मग डब्याची पिशवी मांडीशी घेऊन, डोक्यावरचा पदर पुढं ओढून ती पारावर बसली. मी वळून पाहिलं तर माझ्याकडे तिचं लक्षही नव्हतं.

माझे वडील, दौलतराव हेडाऊ, मी पाचवीत असताना कोळसा खाणीच्या ऑफिसात नोकरीला म्हणून चंद्रपूरला गेले. आधी दर शनिवारी यायचे, मग महिन्यानं, मग दिवाळीला, आणि मग तेही बंद झालं. चंद्रपूर काही सातासमुद्रापलीकडे नाही. सकाळी निघालेला माणूस जेवायच्या वेळेला नागपुरात पोचतो. पण तिथं त्यांचं दुसरं घर झालं होतं, त्या घरात बायको होती आणि पुढं एक मुलगाही झाला. माझ्या लग्नात ते आले, मांडवात मागच्या बाजूला बसून जेवले आणि आहेर देऊन निघून गेले. कन्यादान मामानं केलं.

आई लोणची करून विकायची. त्यावर आमचं घर चाललं आणि माझं शिक्षणही झालं. वडिलांबद्दल ती वाईट बोलली नाही आणि चांगलंही बोलली नाही. कपाळावर मोठं कुंकू आणि गळ्यात काळ्या मण्यांची दुपदरी पोत, हे मात्र कधी चुकलं नाही. दोरा जुना झाला की ती सराफाकडे जाऊन पोत नव्यानं ओवून आणायची. नवरा चंद्रपूरला आणि पोत नागपूरला, असं आमच्या गल्लीतली एक बाई हसून म्हणाली होती, ते मी स्वतः ऐकलं आहे. आईनंही ऐकलं असणार. मला त्या पोतीचा लहानपणापासून राग यायचा, आणि तो मी आईला अनेकदा बोलून दाखवला होता. ती म्हणायची, तुझ्या गळ्यात आहे का ती, मग तुले कायचा त्रास?

वडील गेल्याचा निरोप आला तेव्हा तिकडे सगळं उरकलं होतं. आत्या दोन बायकांना घेऊन आमच्याकडे आली, विधवेचं जे काही करतात ते करायला. आई आवळे चिरत बसली होती. तिनं सुरीही खाली ठेवली नाही.

“कोण म्हणते गेला?” ती म्हणाली. “मी पाह्यलं काय?”

आत्यानं चार गोष्टी सांगून पाहिल्या आणि ती आल्या पावली परत गेली. त्यानंतर नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली. बाईचं डोकं फिरलं, असं काहींचं म्हणणं पडलं. मलाही एक-दोन दिवस तशीच शंका आली. मग एका दुपारी आईनं मला समोर बसवून तिला काय हवंय ते सांगितलं. वडिलांच्या मूठभर अस्थी तिला आणून द्यायच्या. रामटेकला अंबाळ्याच्या तळ्यात ती स्वतः त्या सोडणार. मग गळ्यातलं काय काढायचं ते ती काढील, दुसऱ्या कोणी हात लावायचा नाही. बस, एवढंच. आईनं माझ्याकडे आयुष्यात कधी काही मागितलं नव्हतं, म्हणून मला नाही म्हणता आलं नाही.

मी मामाकडून नंबर मिळवला आणि मन घट्ट करून फोन केला. पलीकडचा आवाज सभ्य होता, बँकेतल्यासारखा. तेरावं झालंय, अस्थी घेऊन प्रयागला निघतोय, नागपुरात गाडी बदलायला तीन-चार तास आहेत, नवीन लाउंज झालंय तिथं भेटू, माझ्या कार्डावर एक पाहुणा चालतो. आम्ही दोघं एकाच माणसाची मुलं, आणि आमची पहिली भेट ही अशी त्याच्या कार्डाच्या मेहेरबानीनं ठरली.

तो आला तेव्हा मी त्याला चेहऱ्यावरून ओळखलं नाही, चालण्यावरून ओळखलं. उजवा पाय जरा बाहेर टाकत चालणं, अगदी वडिलांचं. डोक्यावर नुकते खुंट उगवत होते. खांद्याला लॅपटॉपची बॅग आणि हातात चाकांची सुटकेस. त्यानं कार्ड दाखवलं, मुलीनं आम्हां दोघांचं स्वागत केलं, आणि आम्ही वाघाच्या पंजाजवळच्या सोफ्यावर समोरासमोर बसलो. गाडी उशिरा आली म्हणून त्यानं दोनदा माफी मागितली. उत्तरेकडे धुकं होतं, त्यामुळे पुढची गाडीही उशिराच होती.

मी त्याच्या सामानाकडे पाहत होते. त्यात मला हवी ती वस्तू दिसत नव्हती.

“बाबा कुठं आहेत?” मी विचारलं. तोंडातून शब्द तसेच आले.

“बाहेर झाडाला टांगलंय.” तो म्हणाला.

अस्थी कोणाच्या छपराखाली न्यायच्या नाहीत, असं त्याच्या आईनं त्याला बजावलं होतं. घरीसुद्धा त्या अंगणातल्या पेरूच्या झाडालाच टांगल्या होत्या. गाडीचं वेगळं, गाडी काही घर नाही. पण इथं सोफे आहेत, लोक जेवताहेत, आत स्वयंपाकघर आहे, म्हणजे हे घरच झालं. म्हणून तो दारापर्यंत येऊन परत फिरला आणि कडुनिंबाच्या खालच्या फांदीला पिशवी टांगून आला. हे सगळं तो इतक्या गंभीरपणे सांगत होता की मला हसावं की काय करावं कळेना. मोठ्या बँकेत कर्जं मंजूर करणारा माणूस, आणि स्टेशनवर झाडाला पिशवी टांगून येतो.

“अहो, स्टेशनवर बेवारस पिशवी दिसली तर पोलीस बोलावतात,” मी म्हटलं.

त्यानं कानाची पाळी ओढली. वडील असंच करायचे.

“बेवारस नाहीये. पारावर एक मावशी बसल्यात, त्यांना सांगून आलोय.”

“काय सांगितलं?”

“खरं तेच. मावशी, या पिशवीत माझे वडील आहेत, प्रयागला नेतोय, थोडा वेळ लक्ष ठेवाल का, म्हणून.”

“मग?”

“त्यांनी नाव विचारलं. मी सांगितलं, दौलतराव. तर म्हणाल्या, जा तू, बस आत, मी हावो अठी.” त्यानं आईची नक्कल केली नव्हती, शब्द तेवढे जसेच्या तसे आणले होते. “चांगल्या वाटल्या. मोठं कुंकू लावलंय त्यांनी.”

मी समोरचा पाण्याचा ग्लास उचलला आणि सगळा प्यायले. खरं तर तेव्हाच त्याला सांगायला हवं होतं. पण मी लॅबमध्ये रक्त काढायचं काम करते, आणि एकदा सुई आत गेली की हात हलवायचा नसतो. वाघाच्या पलीकडे, माझ्यापासून पंधरा-वीस पावलांवर, माझी आई माझ्या वडिलांची राखण करत होती आणि ते मला एकटीला माहीत होतं.

त्यानं आग्रह करून माझ्यासाठी उपमा आणला. कॉफीचं मशीन दोघांनाही चालवता येईना, शेवटी काउंटरवरची मुलगी येऊन दाबून गेली. खाताना तो बोलायला लागला. मी विचारलं नव्हतं, पण त्याला सांगायचं होतं. बाबा घरी फार बोलायचे नाहीत. रविवारी सगळ्यांच्या चपला पॉलिश करायचे. नागपूरला तुझी एक ताई आहे, हे त्यांनीच त्याला सांगितलं होतं, तो सातवीत असताना. आणि लोणचं त्यांना नागपूरचंच लागायचं.

“नागपूरचं?”

“दर वर्षी ऑफिसातलं कोणीतरी आणून द्यायचं. आंब्याचं. बरणीच्या तोंडाला लाल फडक्याचा दादरा बांधलेला असायचा, इतका घट्ट की काही विचारू नका. दोन वेढे आणि टोकं आत खोचलेली. आई वैतागून कात्रीनं कापायची. मी मात्र ती गाठ सोडवायला शिकलो होतो.”

आमच्या घरातल्या प्रत्येक बरणीचा दादरा तसाच बांधलेला असतो. दोन वेढे, टोकं आत. लहानपणी ती गाठ सुटत नाही म्हणून मी रडले आहे. हे ऐकून मी विरघळले असं कोणी समजू नये. त्यांना लोणचं आवडत होतं, एवढंच. लोणच्यासाठी माणूस घर सोडत नाही, आणि लोणच्यासाठी परतही येत नाही.

मी ताटली बाजूला सारली आणि ज्यासाठी आले होते ते बोलले. मला मूठभर अस्थी हव्यात. रामटेकला सोडू. बाकीच्या तुम्ही प्रयागला न्या.

त्याला अपेक्षा असावी. त्यानं नजर चुकवली नाही.

“मी आईला शब्द दिलाय,” तो म्हणाला. “त्यातून काही काढणार नाही असा. तुमचा फोन आल्यावर मी तिला तुमच्या बाजूनं विचारलं. दोन-तीनदा विचारलं. ती नाहीच म्हणाली. शेवटी कलशाचं तोंड तिनं स्वतःच्या हातानं बांधलं. ती गाठ प्रयागला गुरुजीच सोडवतील.”

“त्यांचं काय जातं मूठभर राख देताना?”

“लोक तिला आयुष्यभर म्हणत आले, अर्धा माणूस घेऊन बसलीय म्हणून. तिचं एकच म्हणणं आहे, आता तरी त्यांना अख्खं जाऊ दे.”

मला राग आला. इतका की कप बशीवर ठेवताना वाजला आणि शेजारच्या सोफ्यावरचा माणूस पेपरातून वर पाहायला लागला.

“अर्धा तुमच्याकडे होता, तर आमच्याकडे काय होतं?” मी विचारलं.

“ते मला माहीत नाही,” तो म्हणाला. “मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.”

याच्यावर भांडण करता येत नाही. तो उद्धट असता तर मला सोपं गेलं असतं. मी त्याला मग आईचं सांगितलं. आत्या आली होती ते, आवळे, गळ्यातली पोत. डोळ्यांनी पाहिल्याशिवाय ती मानणार नाही, आणि मानल्याशिवाय तिच्या मागचा लोकांचा तगादा संपणार नाही, हे सांगितलं. तो ऐकताना पुढं झुकला होता.

“मग पाहू दे ना त्यांना,” तो म्हणाला. “काढणार नाही असा शब्द दिलाय, दाखवणार नाही असा नाही. अजून वेळ आहे. कुठं असतात त्या? मी येतो तुमच्याबरोबर.”

“जवळच आहे,” मी म्हटलं.

पुढं काय बोलावं याचा मी विचार करत होते, तेवढ्यात काउंटरवरची मुलगी आमच्यापाशी आली. तिनं आवाज खाली घेतला होता. बाहेरच्या झाडाला एक पिशवी टांगलेली होती, ती सरांची होती का? गार्डनं कोणाची म्हणून विचारायला दोघा-तिघांना हटकलं, आणि तो परत जाऊन पाहतो तर फांदीवर पिशवी नाही.

रोशन ताडकन उठला. बँकेतला माणूस कुठल्या कुठे गेला आणि समोर एक लहान मुलगा उभा राहिला, जत्रेत बापाचा हात सुटलेला. तो सुटकेस तिथंच टाकून पळाला. मीही पळाले, पण माझी भीती वेगळी होती. आईच्या हातात अख्खा कलश होता, रामटेकची बस गाठायला रिक्षानं फार वेळ लागत नाही, आणि आई एकदा ठरवलं की कोणाला विचारत नाही. दार उघडलं तसा बाहेरचा सगळा गोंगाट एकदम कानांवर आदळला.

आई पारावरच होती. आधी बसली होती तिथंच, तशीच, पदर पुढं ओढून. पिशवी तिच्या मांडीवर होती आणि दोन्ही हात पिशवीवर होते. शेजारी उभा असलेला गार्ड तिला काहीतरी समजावत होता आणि ती त्याच्याकडे साफ दुर्लक्ष करत होती.

रोशन धापा टाकत तिच्यासमोर उभा राहिला.

“टांगून ठेवलेला बरा नाही वाटला,” आई त्याला म्हणाली. “येनारे जानारे पाहून राह्यले होते. म्हून मांडीवर घेतला.”

त्यानं मान हलवली. आईनं दोन्ही हातांनी पिशवी त्याच्याकडे दिली, आणि त्यानंही दोन्ही हातांनी घेतली. सगळं नीट आहे ना हे पाहायला त्यानं पिशवीचं तोंड उघडलं. आत तांब्याचा छोटा कलश होता, त्याच्या तोंडावर लाल कापड. मी त्याच्या खांद्याजवळ उभी होते, त्यामुळे मलाही दिसलं. कापडावर दोऱ्याचे दोन वेढे होते आणि टोकं आत खोचलेली होती.

ही गाठ आईची होती. घेतलं हिनं, असं मनात आलं. तिच्या शेजारच्या डब्याच्या पिशवीकडे माझी नजर गेली आणि मी ती लगेच वळवली.

रोशननं त्या गाठीवर अंगठा फिरवला. एकदा या बाजूनं, एकदा त्या बाजूनं. मग त्यानं आईकडे पाहिलं, चांगलं निरखून पाहिलं. मग माझ्याकडे. आता तो ओरडेल, गार्डसमोर कलश उघडायला लावील, आईला नाही नाही ते बोलेल, आणि त्यात त्याचं काही चुकणार नाही, असं मला वाटलं.

त्यानं पिशवीचं तोंड बंद केलं. पिशवी छातीशी धरून तो वाकला आणि एका हातानं आईच्या पायांना हात लावला.

“सुखी राह्य,” आई म्हणाली. मग तिनं विचारलं, “जेवला काय तू?”

त्यानं उपमा खाल्ल्याचं सांगितलं. त्यानं काय होते, असं म्हणून आईनं आमच्या दोघींसाठी आणलेला डबा पिशवीतून काढून त्याच्या हातात ठेवला. भाकरी हाय, लोणचं हाय, गाडीत खाजो. तो नको म्हणाला नाही. मी डब्याच्या पिशवीत डोकावून पाहिलं. आत पाण्याची बाटली होती, दुसरं काही नव्हतं.

आम्हां तिघांपैकी कोणीही कोणाचं नाव घेतलं नाही, नातंही सांगितलं नाही. मी आईला आई म्हणून हाक मारली नाही. काउंटरवरची मुलगी त्याची सुटकेस ओढत दारापर्यंत घेऊन आली आणि गाडी फलाटावर लागतेय म्हणाली. तो निघाला. एका हातात सुटकेस आणि डबा, दुसऱ्या हातानं पिशवी छातीशी धरलेली. उजवा पाय बाहेर टाकत तो गर्दीत शिरला. आई तो दिसेनासा होईपर्यंत पाहत राहिली.

“चालीवरूनच ओळखला होता मी,” ती म्हणाली. “पिशवी टांगाच्या आधीच.”

रिक्षात बसल्यावर मी तिला काही विचारलं नाही. हिनं मूठभर राख पदरात बांधून लपवली असणार, त्या मुलाचा शब्द मोडला, आणि त्याला ते कळलं असूनही तो पाया पडून गेला, या विचारानं मला तिची लाज वाटत होती. मानकापूरच्या चौकात रिक्षा सिग्नलला थांबली आणि सुटली, तसा वाऱ्यानं तिच्या डोक्यावरचा पदर मागं गेला. तिचा गळा मोकळा होता. पोत असायची त्या जागी एक फिकट रेघ होती, जिथं इतकी वर्षं ऊन लागलं नव्हतं.

“आई, पोत?”

“ज्याची होती त्याले देली.”

“आणि अस्थी? मूठभर घेतल्यास ना?”

“नाही घेतल्या. त्याच्या मायनं बांधून देलं, त्यातलं मी काय काढू? टाकाचं होतं ते टाकलं आन् होतं तसं बांधलं.” ती रस्त्याकडे पाहत म्हणाली. “लय वेळ मांडीवर होता. एवढा वेळ तं माह्याजवळ कधी बसला नाही.”

मला रडू आलं. मी ते रिक्षावाल्यापासून लपवलं, आईपासून लपवायचं काही कारण नव्हतं. रामटेकला जायचं का, म्हणून थोड्या वेळानं मी विचारलं. आता कायले, असं ती म्हणाली. कुंकू तेवढं कपाळावर तसंच होतं. त्याबद्दल आत्या पुन्हा काही बोलेल अशी मी शंका काढली, तर आईनं मला झापलं. कुंकू ती पाळण्यात होती तेव्हापासून लावते, ते तिच्या मायनं लावलेलं आहे, दौलतरावाचा त्याच्याशी काय संबंध? ते कुंकू तिनं शेवटपर्यंत लावलं.

चार-पाच दिवसांनी रोशनचा फोन आला. मी लॅबमध्ये होते, समोर एक बाई बाही वर करून बसली होती. तिला थांबायला सांगून मी बाहेर गेले.

“ताई, प्रयागला सगळं नीट झालं,” तो म्हणाला. लाउंजमध्ये तो मला एकदाही ताई म्हणाला नव्हता. गुरुजींना गाठ सुटेना, मग त्यानंच सोडवली. मागं गाड्यांचे आवाज येत होते. मग त्यानं सांगितलं की गुरुजी कलशात पाहून काही विचारणार होते, पण त्यानं विचारू दिलं नाही. आत होतं ते सगळं त्यानं सोडलं.

बरं केलंत, मी म्हटलं. मग म्हटलं, बरं केलंस.

मावशींचा डबा त्याच्याकडे राहिला होता. राहू दे म्हटलं तर ऐकेना. रिकामा डबा परत करत नाहीत, काहीतरी घालून स्वतः घेऊन येतो म्हणाला. पुढं तो आलाही, पण ते नंतरचं.

फोन ठेवायच्या आधी त्यानं आणखी एक सांगितलं.

“घरी पोचल्यावर आईनं विचारलं मला. त्यातून काही काढलं नाहीस ना म्हणून.”

“मग काय सांगितलंस?”

“खरं तेच,” तो म्हणाला. “म्हटलं, काही काढलं नाही. अख्खे गेले.”